माइकवरची सवत

आमच्या वहिनींना सवत आहे असं म्हटलं की नवखा माणूस आधी दादाकडे संशयानं बघतो. दादा डेपोतला मेकॅनिक. दिवसभर गाड्यांखाली आडवा पडून घरी आल्यावर एका बायकोपुढेच त्याच्या नाकी नऊ येतात, तो दुसरी कुठून आणणार? वहिनींची सवत म्हणजे एक आवाज. बस स्टँडवरच्या कर्ण्यांमधून येणारा मधाळ आवाज, ज्याला कधी खोकला येत नाही की सर्दी होत नाही. तो आला आणि वहिनींची खुर्ची गेली.

त्याआधी माइकवर वहिनीच बसायच्या. माझा पेपरचा स्टॉल केबिनला खेटून आहे, त्यामुळे काचेपलीकडे त्या मला सतत दिसायच्या. त्यांचा आवाज गोड वगैरे मुळीच नव्हता. खणखणीत होता, आणि वर्गात शिरलेल्या बाईंचा असतो तसा जरा दटावणीचा होता. त्यांचा एक नियम होता. आधी फलाट सांगायचा, मग गाडी, आणि गाव सगळ्यात शेवटी. गावाचं नाव आधी घेतलं की माणसं पुढचं ऐकतच नाहीत, सामान उचलून वाट फुटेल तिकडे धावत सुटतात, असं त्या म्हणायच्या. शिवाय माइकवरून त्या वाटेल ते बोलायच्या. "निळी पिशवी घेतलेल्या काकू, तुमची गाडी पाठीमागे लागलीय, मागे वळा." काकू वळायच्या. काकूंबरोबर अख्खा स्टँड वळायचा.

मग नवे मॅनेजर आले आणि त्यांच्यापाठोपाठ यंत्र आलं. कुठल्याशा बाईनं सुटे सुटे शब्द बोलून ठेवले होते आणि यंत्र ते जोडून वाक्य करायचं. "फलाट क्रमांक", मग जरा दम, "चार", पुन्हा दम, "वरून". ऐकताना आपल्यालाच धाप लागायची. हाच आवाज फोनवरही होता. गॅसवाल्याला फोन लावा, बँकेत लावा, दवाखान्यात लावा, ही बाई हजर: "आपण रांगेत आहात, कृपया प्रतीक्षा करा." कोण बाई, कुठली बाई, कुणाला काही पत्ता नव्हता. वहिनींची रवानगी हरवलेल्या सामानाच्या खोलीत झाली. तिथे छत्र्या होत्या, जोडीदार गमावलेले बूट होते, कुणाची तरी कवळी होती, आणि आता वहिनी होत्या.

यंत्राला मात्र एक कळत नव्हतं, की गाडी बंद पडलीय. ते ठरल्या वेळी ठरलेलं बोलणार. दादा ज्या गाडीखाली पाना घेऊन झोपलेला असायचा, ती गाडी आता सुटत आहे असं ती बाई गोड आवाजात सांगायची, आणि लोक रिकाम्या फलाटावर उभे राहून शिव्या घालायचे. रोजचे प्रवासी वैतागले. एका सकाळी सगळे मिळून मॅनेजरांच्या खोलीत शिरले. सगळ्यात मोठा आवाज माझा होता, खोटं कशाला बोलू. शेवटी मॅनेजरांनी हात टेकले. वहिनींना बोलावून सगळ्यांदेखत म्हणाले, "ताई, पुढच्या महिन्यापासून तुम्ही परत माइकवर. झालं समाधान?"

त्या दिवसापासून वहिनींनी थंड पाणी सोडलं. सकाळ-संध्याकाळ मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सुरू झाल्या. दादाशी भांडणंही बंद केली. घसा जपायचाय, म्हणायच्या. दादा मला बाजूला घेऊन म्हणाला, "तो मॅनेजर देवमाणूस आहे रे. त्याला काही कमी पडू देऊ नकोस, पेपर फुकट टाकत जा."

हे झालं स्टँडचं. आता घरातलं दुसरं प्रकरण सांगतो, कारण ही दोन प्रकरणं एकमेकांच्या अंगावर येऊन आदळणार होती आणि आम्हाला त्याची गंधवार्ताही नव्हती.

वहिनींची एक लाडकी हिरॉइन आहे. तिचं नाव त्या कधी घेत नाहीत, 'आपली' म्हणतात. आपलीचा सिनेमा आला. आपलीनं केस कापले. आपलीचं नवऱ्याशी बिनसलंय, पण त्याचीच चूक आहे. वहिनींसारखी आणखी पुष्कळ मंडळी गावात आहेत. त्यांचा फोनवर ग्रुप आहे, वहिनी त्याच्या मुख्य आणि कोपऱ्यावरची पार्लरवाली त्यांचा उजवा हात. आपलीला वर्षातला मोठा पुरस्कार कधी म्हणजे कधी मिळाला नव्हता. दरवर्षी नामांकन मिळायचं, दरवर्षी दुसऱ्याच कुणाचं तरी नाव निघायचं, आणि कॅमेरा मुद्दाम आपलीच्या तोंडावर नेऊन ठेवायचे. "बघा कशी हसून टाळ्या वाजवतेय," वहिनी म्हणायच्या. "मी असते तर पायातली काढली असती."

यंदा मात्र सगळे म्हणत होते, आपलीला पर्याय नाही. आजारी आईला सांभाळणाऱ्या मुलीचा सिनेमा होता. आपली त्यात मुलगी झाली होती, आणि तिनं खरंच जीव ओतला होता. मलाही थिएटरात दोनदा चष्मा पुसावा लागला. आई कुणी म्हातारी नटी होती. ती सिनेमाभर खिडकीपाशी बसून असते आणि एक अक्षर बोलत नाही. तिलाही त्याच पुरस्काराचं नामांकन दिलं होतं. "यादी भरायला घेतलंय हो तिला," पार्लरवाली म्हणाली, आणि त्या म्हातारीचा विषय तिथेच संपला.

समारंभ रविवारी संध्याकाळी होता. दादाच्या पुढच्या खोलीत माणसं मावत नव्हती. सोफ्याच्या हातांवर दोघी, जमिनीवर डेपोतले कंडक्टर, दाराच्या उंबऱ्यावर मी. वहिनी टीव्हीच्या अगदी समोर, हातात रिमोट घट्ट धरून, जणू बटण दाबून निकाल बदलता येणार होता. बाकीची बक्षिसं संपेस्तोवर शेंगदाण्यांच्या टरफलांचा ढीग झाला. मग सुटाबुटातला एक हिरो पाकीट घेऊन आला. तो उगाच हसला, त्यानं पाकिटाशी झटापट केली, आणि कागद बघून आधी सिनेमाचं नाव वाचलं.

झालं! खोलीत एकच गलका झाला. वहिनींनी रिमोट फेकून पार्लरवालीला मिठी मारली. दादा, जो आपलीला घरात 'तुझी ती बया' म्हणतो, तोही टेबलावर चढून ओरडत होता. सिनेमाच्या नावापुढे त्या हिरोनं आणखी कुणाचं नाव घेतलं ते आमच्यापैकी एकाच्याही कानावर पडलं नाही.

पडद्यावर आपलीच्या शेजारची पांढऱ्या केसांची बाई उठून उभी राहिली.

"ती वाट द्यायला उठलीय आपलीला," पार्लरवाली म्हणाली.

वाट झाली, पण आपली काही उठेना. ती बसल्या जागी टाळ्या वाजवत होती. पांढऱ्या केसांची बाई साडी सावरत निघाली.

"ही मधेच कुठे निघाली?" दादा टेबलावरून म्हणाला. "बाथरूमला?"

ती बाई स्टेजच्या पायऱ्या चढू लागली तेव्हा खोलीतला आरडाओरडा एकेका माणसागणिक विझत गेला. कुणीतरी रिमोट शोधून आवाज मोठा केला. वहिनी उभ्याच होत्या. "त्या मेल्यानं आधी सिनेमा का सांगितला?" त्या ओरडल्या. "नाव आधी सांगता येत नाही? ही काय रीत झाली? माणसं धावणारच ना!" कंडक्टर मंडळींनी माना डोलावल्या, पण त्याचा आता काय उपयोग होता?

मग ती म्हातारी माइकसमोर आली आणि म्हणाली, "नमस्कार."

एवढंच म्हणाली, आणि खोलीतल्या सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. तो आवाज आम्हाला पाठ होता. गॅसच्या रांगेत, बँकेच्या रांगेत, रोज सकाळ-संध्याकाळ डोक्यावरच्या कर्ण्यातून आम्ही तोच ऐकत आलो होतो. वहिनी हळूच खाली बसल्या.

"अहो," त्या दादाला म्हणाल्या, "ही ती आहे."

"कोण ती?"

"माझी सवत."

तिकडे म्हातारी बोलत होती. "इतकी वर्षं मी तुम्हा सगळ्यांना सांगत आले, आपण रांगेत आहात. मीसुद्धा त्याच रांगेत उभी होते, हे कुणाला माहीत नव्हतं." अख्खं सभागृह उभं राहिलं. आपली तर रडत होती, आणि ते रडणं हरल्याचं नव्हतं हे आंधळ्यालाही दिसलं असतं. मी पार्लरवालीकडे पाहिलं. तिनं घाईघाईनं डोळ्याला पदर लावला आणि मग शेंगदाणा गिळल्यासारखं केलं.

त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी मात्र आपलीवाले नुसते पेटले होते. फोन हातात धरवत नव्हता. निवडसमितीच्या सात पिढ्या उद्धरून झाल्या. सगळ्यात गाजला तो वहिनींचा निरोप. त्यांनी तो बोलून पाठवला होता, आणि बोलण्यात त्यांना कोण हरवणार? "जिनं सिनेमाभर तोंड उघडलं नाही तिला बक्षीस, आणि जिनं सगळा सिनेमा खांद्यावर वाहिला तिनं टाळ्या वाजवायच्या? नुसतं बसायचं बक्षीस असेल तर हरवलेल्या सामानाच्या खोलीत या. मीही दिवसभर बसलेलीच असते." हा निरोप इकडून तिकडे, तिकडून आणखी कुठे गेला. अनोळखी लोक माझ्या स्टॉलवर तो एकमेकांना ऐकवून हसत होते आणि वहिनींना शाबासकी देत होते.

ही शाबासकी दोन दिवस टिकली असेल. मग त्या म्हातारीच्या मुलाखती येऊ लागल्या. सिनेमात कुणी उभं करत नव्हतं म्हणून एका बंद खोलीत बसून शब्द बोलायची कामं करत राहिले, असं ती सांगायची. अंगात ताप असतानाही बोलले, म्हणाली, कारण आवाजाला ताप आलेला लोकांना दिसत नाही. माणसं विरघळली. आपलीनं स्वतः तिच्या गळ्यात हात घालून फोटो टाकला आणि खाली लिहिलं, माझी आई. बस्स, आपलीच बोलल्यावर आपलीवाले काय बोलणार? पार्लरवालीनं ग्रुपवर तोच फोटो लावला आणि वहिनींना फोन केला. "तो तुझा निरोप काढून टाक ना गं. वाईट दिसतं. मन मोठं कर जरा."

वहिनींनी निरोप काढला नाही. ग्रुपच सोडला. जो ग्रुप त्यांनी जमवला होता त्यातून त्या गेल्या, तर कुणी साधं 'का' म्हणून विचारलं नाही. हिरॉइन हरली म्हणून बाई रुसून बसलीय, एवढाच सगळ्यांचा समज. माझं डोकं तडकतं ते इथे. अहो, ती रुसली नव्हती! तिची खुर्ची चालली होती!

कारण स्टँडवर वेगळंच सुरू झालं होतं. ज्यांना कुठे जायचं नाही अशी माणसं स्टँडवर यायला लागली. कर्ण्याखाली उभं राहून फोन वर धरायची आणि "फलाट क्रमांक, चार, वरून" हे भरून घ्यायची. पोरी तोंड त्या आवाजाबरोबर हलवून एकमेकींचे व्हिडिओ काढायच्या. ज्या रोजच्या प्रवाशांनी यंत्राला शिव्या घातल्या होत्या, तेच आता पाहुण्यांना सांगायचे, हा आवाज आमच्याकडे पहिल्यापासून आहे बरं का. मॅनेजरांनी दारावर मोठा फलक लावून घेतला: पुरस्कारविजेत्या आवाजात आपले स्वागत. फलकाखाली स्वतःचा फोटोही काढून घेतला.

महिना संपत आला तशी वहिनींनी त्यांची गाठ घेतली. मीही बरोबर गेलो, कारण त्या एकट्या गेल्या असत्या तर गप्प बसून परत आल्या असत्या. हल्ली त्यांचं असं होत होतं.

"ताई, तुम्हीच सांगा," मॅनेजर म्हणाले. माणूस वाईट नाही, तोंडाचा गोडही आहे. "आता हा आवाज काढला तर लोक मला काढतील. तुम्ही एवढ्या सिनेमावेड्या, तुम्हाला तर अभिमान वाटायला हवा. हिरॉइन हरली म्हणून राग किती दिवस धरायचा?"

"साहेब, हिरॉइनचा काही संबंध नाही यात," वहिनी म्हणाल्या.

"असं कसं? तुमचा तो निरोप मी ऐकलाय ना." आणि ते हसले. "मस्त बोलता हो तुम्ही!"

इथे माझं तोंड सुटलं. मस्त बोलते तर माइकवर बसवा, शब्द दिलात तो काय फलकाखाली गाडला का, गाडी डेपोत पडलेली असताना सुटली म्हणून सांगणाऱ्या यंत्राला हार घाला आता, असं मी बरंच काही बोललो. काही शब्द इथे लिहिण्यासारखे नाहीत. परिणाम एवढाच झाला की माझा स्टॉल केबिनपासून जरा लांब हलवावा का, असा विषय मॅनेजरांनी काढला आणि वहिनींनाच माझ्या वतीनं माफी मागावी लागली. घरी येईपर्यंत त्या माझ्यापुढे दहा पावलं चालत राहिल्या.

रात्रीच्या जेवणाला बसलो तेव्हा दादानं त्या म्हातारीला एक सणसणीत शिवी दिली. बायकोच्या बाजूनं बोलावं एवढाच बिचाऱ्याचा हेतू होता. वहिनींनी हातातला घास ताटात ठेवला.

"तिला नका हो बोलू," त्या म्हणाल्या. "चांगली बाई आहे ती. तिचं ऐकून मलाही रडू आलं. वाईट असती तर किती बरं झालं असतं! मनसोक्त शिव्या तरी दिल्या असत्या. आता मी चिडू कुणावर? बोला ना, भाऊजी, कुणावर चिडू?"

मी पाणी प्यायलो.

त्यानंतर एका दुपारी, ऐन गर्दीच्या वेळी, यंत्र अडकलं. "फलाट क्रमांक" म्हणून दम घेतला तो घेतलाच. मग पुन्हा "फलाट क्रमांक". चार गाड्या लागलेल्या, माणसं पिशव्या घेऊन इकडून तिकडे पळतायत, पोरं रडतायत, ड्रायव्हर हॉर्न वाजवतायत. मॅनेजर घाम पुसत हरवलेल्या सामानाच्या खोलीकडे धावत गेले. "ताई, चला! माइक!"

वहिनी आल्या. मी स्टॉलवरून पाहत होतो. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, माइकला टिचकी मारली आणि घसा खाकरला. मग कर्ण्यातून तो जुना खणखणीत आवाज आला, "फलाट दोन. दोनवरच्या लोकांनी हलू नका, तुमची गाडी इथेच आहे. फलाट चार. चारवाल्यांनी माझं नीट ऐका, घाई करू नका." आणि पळणारी माणसं जागच्या जागी थांबली. खरंच थांबली! माझ्या छातीत असं काही भरून आलं की समोरच्या गिऱ्हाइकाला मी दुसराच पेपर दिला. मनात म्हटलं, आता कळेल सगळ्यांना. आता मॅनेजर काय बोलतो बघू.

गर्दी थांबली, गाड्या कळल्या, लोक रांगेला लागले. आणि मग कर्ण्याखाली फोन वर धरून उभ्या असलेल्या पोरींतली एक वैतागून म्हणाली, "ए, हे काय? खरा आवाज लावा ना!"

आणखी दोघीतिघी हसल्या. कुणीतरी मागून सूर ओढला, "खरा आवाज लावा!" रांगेतल्या माणसांनीही मजा म्हणून री ओढली. ज्यांना त्यांची गाडी आत्ताच त्या आवाजानं दाखवली होती, तीच माणसं. केबिनची काच काही जाड नाही. वहिनींनी मान वर केली नाही. फलाट पाच राहिला होता, तो सांगितला. तिथल्या गाडीचं दार बिघडलंय, मागच्या दारानं चढा, हेही सांगितलं. सगळं सावकाश, नेहमीसारखं. मग यंत्र दुरुस्त करायला आलेल्या पोरानं काहीतरी खटपट केली आणि म्हातारीचा मधाळ आवाज परत आला. कर्ण्याखाली टाळ्या वाजल्या.

वहिनी केबिनमधून बाहेर आल्या. मॅनेजर "थँक्यू ताई, थँक्यू" म्हणत पुढे निघून गेले. मी काहीतरी बोलायला गेलो, पण तेवढ्यात आमचे एक जुने आजोबा काठी टेकत स्टॉलपाशी आले. कित्येक वर्षं याच स्टँडवरून ये-जा करणारा माणूस. वहिनींना त्यांनी समोरासमोर कधी पाहिलं नसावं. आवाजच काय तो ऐकलेला.

"काय हो बाई," त्यांनी वहिनींनाच विचारलं, "मघाशी मधेच कोण बोलत होतं?"

माझ्या हातात पेपरांचा गठ्ठा होता. तो आपटून, ओरडून सांगावं असं वाटलं, की हीच, हीच बोलत होती, इतकी वर्षं हीच बोलत होती. पण वहिनींनी माझ्याकडे पाहिलं आणि मी गठ्ठा हळूच स्टॉलवर ठेवला.

"कुणी नाही हो, आजोबा," त्या म्हणाल्या. "चुकून लागलं होतं." आणि त्यांच्या हातातली पिशवी घेऊन, त्यांची गाडी कुठे लागलीय ते दाखवायला त्यांच्याबरोबर चालू लागल्या.